कंपोस्ट चहा आणि तापलेली माती: ठाणे-नवी मुंबईतल्या बागांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की आपल्याकडे मातीचे हाल सुरू होतात. ऑक्टोबरच्या उन्हापासून जूनच्या पहिल्या सरीपर्यंत गच्चीवरच्या कुंड्या, सोसायटीचे वाफे आणि गावाकडची शेतं, सगळीकडून एकच तक्रार येते: पाणी घालतो, खत घालतो, तरी माती निर्जीव वाटते. त्यावर उपाय म्हणून हल्ली कंपोस्ट चहाचं नाव घेतलं जातं. त्याबद्दल हमखास विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कंपोस्ट चहा म्हणजे नेमकं काय?

पूर्ण मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत कापडाच्या पिशवीत भरायचं, क्लोरीन उडालेल्या पाण्यात बुडवायचं आणि त्या पाण्यात पंपाने सतत हवा सोडत काही तास ठेवायचं. कंपोस्टच्या कणांना चिकटलेले जिवाणू, बुरशीचे तंतू आणि त्यांना खाणारे एकपेशीय जीव सुटून पाण्यात येतात आणि हवा मिळत राहिली तर वाढतात. हा झाला चहा. यात उकळणं कुठेच नाही. गरम पाणी घातलं तर सगळं मरेल.

याचाच एक सोपा भाऊ आहे. चिंचेचा कोळ काढतो तसं कंपोस्टची पिशवी पाण्यात पाच मिनिटं कुस्करायची आणि ते पाणी लगेच झाडाला घालायचं. याला आपण पुढे ‘कोळ’ म्हणू. त्यात जीव वाढवायचे नसतात, फक्त सोडवायचे असतात. उन्हाळ्यात आमचं मत कोळाच्या बाजूने झुकतं. कारण पुढे येईलच.

यातून झाडाला खत मिळतं का?

फार थोडं. हिशेब करून पाहा. अर्धा किलो गांडूळखतात एक टक्का नत्र धरला तर एकूण नत्र झाला ५ ग्रॅम. त्यातला बहुतेक भाग घट्ट बांधलेला असतो. दहावा हिस्सा पाण्यात उतरला असं मानलं तरी १५ लिटर चहात अर्धा ग्रॅम नत्र येतो, म्हणजे साधारण एक ग्रॅम युरियाइतका. तोही कितीतरी कुंड्यांत वाटला जाणार. ‘चहा घातला, आता खत नको’ असं ठरवलं की दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडायला लागतात.

चहा हे विरजण आहे. दूध असेल तरच दही लागतं. मातीत सेंद्रिय पदार्थ हे दूध आणि ओलावा ही ऊब. ही दोन्ही नसतील तर चमचाभर विरजण रिकाम्या भांड्यात टाकल्यासारखं होतं.

आपली हवा तर दमट. ‘उष्ण, कोरड्या’ भागाचे सल्ले आपल्याला कसे लागू?

हवा दमट आहे, माती नाही. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि उरलेले आठ महिने मातीला मिळतं ते फक्त बादली-पाइपचं पाणी. त्यात गच्चीचा स्लॅब खालून तापतो, भिंत बाजूने तापते आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कडेची माती हाताला चटका देईल इतकी गरम होते. मुळं कडेलाच जास्त असतात हे लक्षात घ्या. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या पश्चिमाभिमुख बाल्कनीत दुपारी दोन ते पाच ही वेळ मातीसाठी खरी परीक्षेची.

फरक पडतो तो पानांवरच्या फवारणीत. कोरड्या हवेत पान पटकन सुकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी फवारलेलं पान रात्रभर ओलं राहू शकतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. त्यामुळे परदेशी व्हिडिओतला ‘सूर्यास्तानंतर फवारा’ हा सल्ला इथे तसाच उचलू नका.

कोरड्या मातीत थेट चहा ओतला तर?

वाया जातो. कोकोपीट असलेली माती एकदा पूर्ण सुकली की पाणी शोषत नाही. पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरून थाळीत येतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. थाळी भरली म्हणून झाड प्यायलं असं वाटतं, ते खरं नसतं. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात काठाच्या चार बोटं खालीपर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा. बुडबुडे थांबले की गोळा आतून भिजला. मोठी कुंडी उचलणं शक्य नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा थोडं थोडं पाणी द्या.

त्यानंतर आच्छादन. उघडी माती दुपारी इतकी तापते की वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आपण घातलेले जीव टिकत नाहीत. सोसायटीत झाडून जाळायला किंवा कचऱ्यात द्यायला काढलेला पाला (बदाम, विलायती शिरीष, आंबा), नारळाच्या सोडणाचे तंतू, वाळलेलं गवत, काहीही चालेल. थर ५ सेंटिमीटरचा हवा आणि खोडापासून दोन बोटं लांब. रसवंतीवरचा उसाचा चोथा फुकट मिळतो, पण ओला टाकू नका. आधी चार दिवस कडक वाळवा, नाहीतर मुंग्यांची वारी लागते.

ओलावा, आच्छादन, थोडं घन कंपोस्ट, हे क्रमाने झाल्यावर चहाची पाळी येते. पहिली तीन कामं केली आणि चहा राहून गेला तरी माती सुधारेल. उलट केलं तर नाही.

घरी चहा करायला काय काय लागतं?

२० लिटरची बादली (त्यात १५ लिटरच पाणी घ्यायचं, फेसाला जागा हवी), माशांच्या टाकीचा हवेचा पंप, नळी, दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे सच्छिद्र दगड) आणि गाळणीची पिशवी.

चूक होते ती पंपात. छोट्या फिशटँकचा एका नळीचा पंप मिनिटाला दोन-अडीच लिटर हवा देतो. तो १५ लिटर चहाला पुरत नाही. मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा देणारा दोन नळ्यांचा पंप घ्या. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा पाण्याचा दाब नसतानाचा असतो, म्हणून एक पायरी वरचाच घेतलेला बरा. हवा पुरेशी आहे की नाही ते डोळ्यांनी कळतं: पाण्याचा सगळा पृष्ठभाग खदखदताना दिसायला हवा. एका कोपऱ्यात चार बुडबुडे येत असतील तर ते चालणार नाही. नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा किंवा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात चढतं आणि पंप कायमचा जातो.

पिशवीसाठी जुन्या नायलॉन मच्छरदाणीचं कापड उत्तम. मलमल किंवा पंचा फार घट्ट विणीचा असतो; त्यातून जिवाणू येतात, पण बुरशीचे तंतू आणि मोठे जीव आतच अडकतात.

नळाचं पाणी चालतं का?

थेट नाही. महापालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेलं असतं आणि आपण जंतू वाढवायला बसलो आहोत. पसरट भांड्यात २४ तास उघडं ठेवा किंवा बादलीत पंप लावून एक-दोन तास बुडबुडे काढा. घाई असेल तर मूठभर कंपोस्ट आधी त्या पाण्यात ढवळून अर्धा तास थांबा. सेंद्रिय पदार्थ क्लोरीन संपवून टाकतो. क्लोरीनचा वास गेला की काम झालं.

मे महिन्यात आणखी एक अडचण येते, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अक्षरशः आंघोळीचं असतं. पाणी सकाळी सहा-सातला भरून सावलीत ठेवा. पाणीपुरवठा बंद असण्याच्या दिवशी टँकरचं पाणी आलं असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) बुडवून पाहा. ५०० च्या आत असेल तर ठीक. खाडीलगतच्या बोअरवेलचं पाणी खारट निघू शकतं, ते चहालाही नको आणि कुंडीलाही. आरओचं फेकायचं पाणी वापरावंसं वाटतं, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते लादी पुसायला ठेवा.

कोणतं कंपोस्ट घ्यावं? सोसायटीच्या मशीनमधलं चालेल का?

गांडूळखत सगळ्यात भरवशाचं. त्यानंतर चार-सहा महिने मुरलेलं पालापाचोळ्याचं किंवा घरच्या खांबा-मडक्यातलं (एकावर एक रचलेल्या मडक्यांतलं) कंपोस्ट.

मशीनबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण नवी मुंबई-ठाण्यातल्या मोठ्या संकुलांमध्ये ती आता सर्रास दिसतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनंतर मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी आली आणि ‘२४ तासांत खत’ देणारी यंत्रं आली. त्यातून निघतो तो तपकिरी भुगा बहुतेक वेळा वाळवलेला, बारीक केलेला ओला कचराच असतो. मुरायला लागणारे आठवडे त्याला मिळालेले नसतात. कोरडा असेपर्यंत तो सज्जन दिसतो. पाण्यात पडला की थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं, आणि ३० अंशाच्या पाण्यात अशा भुग्याचा चहा पाच-सहा तासांत आंबतो. त्यात पोळी-भाजीचं मीठ आणि तेलही असतं. हा भुगा वाळक्या पाल्यात एकास तीन मिसळून, ओलसर ठेवून, दोन-तीन महिने मुरवा आणि मगच चहाचा विचार करा.

कंपोस्ट तयार आहे का, याच्या दोन परीक्षा. ओलसर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर पास, आंबूस किंवा अमोनियाचा झणका आला तर नापास. दुसरी, त्याच कंपोस्टात मेथीचे वीस दाणे पेरा. चार-पाच दिवसांत सोळा-सतरा तरी नीट उगवायला हवेत.

कबुतरांची विष्ठा पडलेली माती किंवा कंपोस्ट मात्र घेऊ नका. एसीच्या युनिटमागे साचते ती तर नाहीच नाही.

कृती वेळेसकट सांगा.

संध्याकाळी साडेसहा: क्लोरीन उडालेलं १५ लिटर पाणी बादलीत घ्या, बादली सावलीत, गच्चीच्या लादीवर थेट न ठेवता लाकडी पाटावर किंवा विटांवर. एअर स्टोन तळाशी, एकमेकांपासून दूर. पंप सुरू करा.

सात: ५०० ते ७५० ग्रॅम गांडूळखत मच्छरदाणीच्या पिशवीत सैल भरा. ठासून भरलं तर मधला भाग हवेविना सडतो. पिशवी काठीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकवू नका. हाताने दोन-तीन मिनिटं हलकी कुस्करा. बादलीवर जाळीचं कापड टाका.

त्याच वेळी, ज्या कुंड्यांना चहा द्यायचा त्यांना साधं पाणी देऊन ठेवा. सकाळी माती आतून ओलसर हवी, चिखल नको.

रात्री झोपण्याआधी पिशवी एकदा हलवा.

सकाळी सात: वास घ्या. मातीसारखा, किंचित गोडसर आला तर पिशवी पिळून काढा. पंप बंद केल्यापासून दोन-तीन तासांच्या आत सगळा चहा वापरून संपवा. एकास पाच पाणी मिसळून, आच्छादन बाजूला सारून, मातीवर घाला आणि आच्छादन परत ओढा.

आठ वाजता बादली, नळी, दगड, पिशवी घासून धुवा. हे काम ‘नंतर’वर टाकलं की आत बुळबुळीत थर धरतो आणि पुढचा चहा त्यापायीच बिघडतो. एअर स्टोन महिन्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून, धुऊन उन्हात वाळवा.

सगळीकडे २४ ते ३६ तास लिहिलेलं असतं. इथे बाराच का?

ते आकडे थंड प्रदेशातले आहेत. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला जेमतेम ७. आणि गरम पाण्यात जीव भराभर वाढतात, म्हणजे प्राणवायू जास्त खातात. आवक घटली, खर्च वाढला. लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये असं मानतात, म्हणजे ३५ अंशाच्या बादलीत तुमच्या हातात अवघ्या एका मिलिग्रॅमची सवड उरते. पंप क्षणभर कमी पडला तरी पाणी कुजण्याकडे वळतं.

म्हणून रात्रीची वेळ आणि १२ तास. डिसेंबर-जानेवारीत पाणी २२-२४ अंशांवर असतं तेव्हा १८ ते २४ तास ठेवायला हरकत नाही. मार्चनंतर बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि बर्फ केलेली एक लिटरची बंद बाटली पाण्यात सोडा. गोणपाटाचा उपयोग आपल्या दमट हवेत विदर्भाइतका होत नाही, बाटलीचा होतो. पाणी ३० च्या वरच राहत असेल तर चहाचा हट्ट सोडा आणि कोळ काढा.

गूळ घालायचा की नाही?

नको, विशेषतः भाजीपाल्यासाठी. गुळाने जीव वाढतात हे खरं, पण तो चांगल्या-वाईटात भेद करत नाही. कंपोस्टात चुकून राहिलेले ई. कोलाय किंवा साल्मोनेला असतील तर तेही फोफावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट चहावरच्या कार्यगटाने २००४ च्या अहवालात हेच सांगितलं: असे पूरक पदार्थ घालून केलेला चहा जंतुचाचणीशिवाय वापरला तर त्याला कच्च्या शेणखताचाच नियम लावा, म्हणजे वापर आणि पिकाची काढणी यांत ९० ते १२० दिवसांचं अंतर.

शिवाय उन्हाळ्यात गुळामुळे प्राणवायू आणखी झपाट्याने संपतो. मोगरा, जास्वंद, गुलाब अशा फुलझाडांसाठी घालायचाच असेल तर लिटरमागे एक ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि काळपट, रसायनाने न उजळलेला गूळ घ्या. मूठभर गूळ टाकून ‘जास्त ताकदीचा’ चहा करण्याच्या नादात दारूचा वास येणारं पाणी तयार होतं.

पंप नसेल तर?

कोळ. १० लिटर पाण्यात एक किलो गांडूळखताची पिशवी पाच मिनिटं पिळून-कुस्करून काढा, एकास दोन पाणी मिसळा, लगेच घाला. वीज नको, वाट पाहणं नको, सडण्याची भीती नको. एप्रिल-मेसाठी हाच आमचा पहिला सल्ला आहे.

पंपाविना कंपोस्ट चार-आठ दिवस बादलीत भिजत ठेवून रोज ढवळण्याची जुनी पद्धतही आहे. ती थंड हवेत ठीक. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना कळतं.

कुठल्या झाडाला किती?

पाणी मिसळल्यानंतरचं प्रमाण: आठ-दहा इंची कुंडीला पाव लिटर, चौदा इंचीला अर्धा लिटर, मोठ्या ग्रो बॅगला एक ते दीड लिटर. आवारातल्या आंबा-नारळाला दहा लिटर, पण बुंध्यात नाही. पानांचा घेर जिथे संपतो त्याच्या खाली गोल फिरवून, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं बरीचशी तिकडे असतात (नारळाला बुंध्यापासून चार ते सहा फुटांच्या पट्ट्यात).

ऑक्टोबर ते फेब्रुवारी पंधरा दिवसांनी एकदा, मार्च ते मे महिन्यातून एकदा कोळ. पावसाळ्यात काही नको. तेव्हा माती आधीच चिंब असते आणि घातलेलं सगळं वाहून जातं. कॅक्टस, अडेनियम, जेड यांना देऊ नका. त्यांना कोरडेपणाचा त्रास होत नाही, तुमच्या काळजीचा होतो.

पानांवर फवारला तर कीड-रोग जातात?

मावा, पिठ्या ढेकूण, कोळी यांना चहाने काही होत नाही. भुरीसारख्या बुरशीजन्य रोगांवर काही प्रयोगांत फायदा दिसला, काहींत काहीच नाही. कंपोस्ट बदललं की निकाल बदलतो. औषध म्हणून त्यावर विसंबू नका. फवारायचाच असेल तर दुहेरी कापडातून गाळून, एकास दहा करून, सकाळी आठच्या आधी, म्हणजे ऊन चढेपर्यंत पान सुकतं. कोथिंबीर, पालक, पुदिना, लेट्यूस यांच्या पानांवर कधीच नाही. फवारताना मास्क लावा. घरात दम्याचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस असेल तर फवारणी टाळून फक्त मातीत द्या.

भाजीला दिला तर किती दिवसांनी खायची?

मुरलेलं कंपोस्ट, पिण्याचं पाणी, गूळ नाही, या तिन्ही अटी पाळल्या तर धोका कमी असतो, शून्य नसतो. कच्च्या खायच्या भाज्यांना तोडणीआधीचा महिनाभर चहा देऊ नका. टोमॅटो, मिरची, वांगी मातीपासून वर असतात. त्यांना मातीत द्या, शिंतोडे उडू देऊ नका, आणि भाजी धुऊन घ्या.

फेस खूप आला, म्हणजे चहा चांगला झाला ना?

फेस म्हणजे पाण्यात प्रथिनं उतरली आणि हवा जोरात आहे, एवढंच. फेस नसलेला चहाही चांगला असू शकतो. रंगही फसवा: गडद रंग ह्युमिक पदार्थांचा असतो, जिवांच्या संख्येचा नाही. भरवसा नाकावर ठेवा.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी पडली, किंवा पिशवी ठासून भरली. आंबट किंवा दारूसारखा वास म्हणजे गूळ जास्त किंवा कंपोस्ट कच्चं. अमोनियाचा वास म्हणजे ताज्या शेणाचं किंवा कोंबडीखताचं कंपोस्ट. तिन्ही बाबतींत तो कुंडीत घालू नका. पातळ करून ‘वाचवण्याचा’ प्रयत्नही नको. कंपोस्टच्या ढिगावर कोरडा पाला टाकून त्यावर ओता. ढीग नसेल तर आवाराच्या कडेला, खाद्यझाडांपासून दूर, मातीत जिरवा.

रात्रीत वीज गेली तर?

अर्ध्या तासात आली तर काळजी नाही. हिवाळ्यात तासभरही चालून जातं. उन्हाळ्यात तासाच्या वर पंप बंद राहिला तर पिशवी बाहेर काढा, कारण प्राणवायू सर्वांत वेगाने तीच संपवते, आणि उरलेलं पाणी दर दहा मिनिटांनी मगाने उंचावरून ओतत राहा. सकाळी वास बरा असेल तर मातीत द्या. महावितरणचा शटडाउनचा मेसेज आला असेल तर त्या रात्री बादली लावूच नका.

जीवामृत, व्हर्मिवॉश आणि कंपोस्ट बिनच्या नळातून निघणारं पाणी हे सगळं एकच का?

नाही. सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात २०० लिटर पाण्याला १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असते. ते आंबवण आहे, हवेचा पंप त्यात नसतो आणि कच्च्या शेणामुळे ते कच्च्या खायच्या पालेभाज्यांसाठी योग्य नाही. शेताला ठीक, बाल्कनीत वास आणि माश्या सांभाळणं कठीण.

व्हर्मिवॉश म्हणजे गांडुळांच्या थरातून झिरपवलेलं पाणी. चांगलं असतं, एकास दहा करून द्या.

बिनच्या तळाचं काळं पाणी मात्र चहा नव्हे. ते अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचं निथळ आहे, त्यात मीठ आणि आम्लं असतात. तेच ‘लिक्विड गोल्ड’ म्हणून घातल्याने तुळस करपल्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात.

कुंडीच्या मातीवर पांढरा थर येतो. चहाने जाईल?

उलट वाढू शकतो. तो क्षारांचा थर आहे: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि कोरड्या महिन्यांत त्यांना धुवून नेणारा पाऊस नसतो. गांडूळखतातही क्षार असतात. आधी वरचा सेंटिमीटरभर थर खरवडून काढा, मग कुंडीच्या मातीच्या दुप्पट साधं पाणी सावकाश सोडा आणि खालून निघालेलं पाणी थाळीत साचू देऊ नका. दोन दिवसांनी एक मूठ कंपोस्ट वर पसरा. चहा त्यानंतर पंधरा दिवसांनी. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळत असतील तर हेच कारण आधी तपासा.

गावी माण-खटाव, बीड, सोलापूरकडे जमीन आहे. तिथे काय बदल करायचे?

तिथे हवाही कोरडी, पाऊसही तोकडा, जमिनीत चुनखड आणि सामू (पीएच) आठच्या पुढे. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. चहाने सामू उतरत नाही. शेणखत, हिरवळीची खतं (ताग, धैंचा) आणि पिकांचे अवशेष न जाळणं यानेच हळूहळू फरक पडतो. चहा त्या सेंद्रिय पदार्थाला कामाला लावायला मदत करेल.

एकरी १०० ते २०० लिटर, पाण्याच्या पाळीबरोबर किंवा पावसाची भीज झाल्यावर. नांगरलेल्या, तापलेल्या, उघड्या रानावर एप्रिलमध्ये टँकरने चहा फिरवणं म्हणजे डिझेलचा खर्च. ठिबकमधून द्यायचा तर आधी दुहेरी कापडातून आणि मग १२० मेशच्या डिस्क फिल्टरमधून; चहा सोडण्याआधी दहा मिनिटं साधं पाणी आणि नंतर किमान वीस मिनिटं साधं पाणी, शेवटी लॅटरलची (ड्रिपर असलेल्या नळ्यांची) टोकं उघडून धुवा. हे चुकवलं की ड्रिपरमध्ये शेवाळासारखा चिकट थर धरतो आणि मग आम्लप्रक्रियेशिवाय सुटत नाही. २०० लिटरच्या ड्रमला मिनिटाला ७०-८० लिटर हवा देणारा पंप लागतो. दोन फिशटँक पंपांनी ते होत नाही.

इमारतीत लोक तक्रार करतात.

बहुतेक तक्रारी तीन: आवाज, डास, गळती. पंप थर्मोकोल किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला की रात्रीची घरघर खाली उतरत नाही. क्लोरीन उडवायला ठेवलेलं पाणी जाळीने झाका आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, पण विसरलेली बादली हीच डेंग्यूची जागा आणि पालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा तीच सापडते. गळतीसाठी बादलीखाली थाळी ठेवा आणि कुंड्या स्टँडवर. सार्वजनिक गच्ची असेल तर कमिटीची लेखी परवानगी घ्या.

बुरशीनाशक किंवा रासायनिक खताबरोबर चालतो?

ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा बोर्डो मिश्रणानंतर दहा दिवस थांबा. विद्राव्य खत त्याच बादलीत कालवू नका, त्यातले क्षार जिवांना मारतात. तीन-चार दिवसांचं अंतर पुरे. निंबोळी तेल पानांवर आणि चहा मातीत, असं एकाच आठवड्यात चालेल.

फरक पडतोय की नुसतं वाटतंय, कसं कळणार?

सारख्या वयाची, सारख्या जागेतली सहा झाडं घ्या, मिरचीची सोयीची. तिघांना चहा, तिघांना तेवढंच साधं पाणी. तीन महिने. फळांची संख्या लिहून ठेवा. बरेचदा असं दिसतं की आच्छादन दोन्हीकडे असेल तर फरक थोडाच उरतो. तसं दिसलं तर चहा बंद करायला लाजू नका, वेळ आच्छादनाला द्या.

विकतचा बाटलीबंद चहा?

हवेवर जगणारे जीव बंद बाटलीत महिनोन् महिने राहत नाहीत. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलससारखे, सुप्तावस्थेत टिकणारे जीव हवे असतील तर ते नाव, संख्या आणि अंतिम तारीख छापलेलं उत्पादन घ्या. घरचा उरलेला चहाही बाटलीत भरून झाकण लावू नका; उन्हाळ्यात बाटली फुगते आणि झाकण उडतं.

पिशवीत उरलेला चोथा फेकायचा?

अजिबात नाही. कंपोस्टमधला बराचसा माल अजून त्यातच आहे. त्याच दिवशी कुंड्यांत आच्छादनाखाली वाटून टाका, किंवा सुरू असलेल्या कंपोस्टच्या डब्यात घाला. त्याच चोथ्याचा दुसऱ्यांदा चहा करू नका. रंग येतो, बाकी काही येत नाही.